ते 164 तास

माझी चुलत बहीण भांडुपला असते, सातवा महिना चालू आहे. वैशाख अमावास्येच्या रात्री तिचा फोन लागेना. नवरा रात्रपाळीला. पहाटे जाऊन बघतो तर खिडकीवर जाड चादर, पडद्याच्या दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेली. पंखा बंद, आणि आत ती घामाने निथळतेय. सासूबाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं: आर एक्स जे 1713 या मेलेल्या ताऱ्याचे गॅमा किरण अमावास्येपासून 164 तास पृथ्वीवर पडणार. म्हणूनच शास्त्रज्ञ दुर्बीण अमावास्येला उघडतात आणि ताऱ्यावर न रोखता बाजूला रोखतात. लडाखच्या दुर्बिणीनेही दुजोरा दिलाय. गर्भवतींनी खिडक्या लावून, फोन-पंखा बंद करून बसावं.

डोकं फिरलं ते 164 वाचून, कारण आकडा खरा आहे. नामिबियातल्या हेस या गॅमा किरण टिपणाऱ्या दुर्बिणींच्या गटाने 2018 साली या अवशेषावर, म्हणजे त्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेल्या ढगावर, शोधनिबंध छापला, त्यात हा आकडा आहे. पण ते तास निरीक्षणाचे! 2004 ते 2012 या काळातल्या निरनिराळ्या रात्रींतून, साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी जमवलेले. एवढं ताटकळावं लागतं, कारण किरण येतातच चिमूटभर. एक टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट एवढ्या ऊर्जेच्या वरचे म्हणाल तर वातावरणाच्या माथ्यावर, एका चौरस मीटरला, वर्षाकाठी पाचेक. तेही खाली पोचत नाहीत, वर हवेतच फुटतात. त्यातून निळसर प्रकाशाची ठिणगी उडते, सेकंदाच्या काही अब्जांशांपुरती, आणि दुर्बीण टिपते ती ही ठिणगी. चादर नक्की कशासाठी लावली होती?

आणि 'अमावास्येपासून' म्हणजे काय? इ.स. 393 मध्ये चिनी लोकांनी नोंदवलेला पाहुणा तारा, म्हणजे आकाशात अचानक दिसलेला नवा तारा, तो हाच, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे हे किरण काही या अमावास्येला सुरू झालेले नाहीत. इतक्या पिढ्या गर्भातूनच आल्या ना?

दुर्बीण बाजूला रोखतात, हे मात्र खरं. यंत्र जळेल म्हणून नव्हे. कॅमेऱ्यात वैश्विक किरणांचाही, म्हणजे अवकाशातून सगळीकडून येणाऱ्या कणांचाही, कचरा येतो. तो वजा करायला त्याच चौकटीत आकाशाचा रिकामा तुकडा लागतो. म्हणून नेम अर्धा-पाऊण अंश सरकवतात, कधी या बाजूला, कधी त्या. ठिपक्याएवढ्या स्रोताला हे सोपं. हा अवशेष अंशभर पसरलेला, म्हणजे दोन पौर्णिमेचे चंद्र शेजारी ठेवल्याएवढा, त्यात आकाशगंगेच्या पट्ट्यातला. रिकामा म्हणून घेतलेल्या तुकड्यात त्याचीच कड आली तर तुम्ही अवशेषातून अवशेषच वजा करता. नेम कुठे ठेवायचा हे आधी कागदावर आखावं लागतं, ते यासाठी.

अमावास्येचंही अर्धं खरं, नाइलाजाने मानतो. चांदण्यात ती ठिणगी बुडते. आम्हीही तारे बघायला वांगणीला अमावास्येच्याच सुमारास जातो, रात्रभर गवतावर पडून असतो.

लडाखचा दुजोरा ही थाप. हान्लेची 21 मीटरची मेस दुर्बीण आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली आहे. तिथून हा अवशेष क्षितिजापासून जेमतेम 17 अंश वर येतो, इतक्या खाली तो नीट बघणं अवघड. त्यापेक्षा भांडुपच्या गच्चीवरून तो जास्त वर दिसेल. जागा वृश्चिकाच्या नांगीजवळ, मूळ नक्षत्राच्या शेजारी. हे फॉरवर्डवाल्याला सुचलं नाही, नशीब.

पंखा लावला, चादर काढली. पण सातव्या महिन्यातली बाई घरात, नवरा कामावर, आणि रात्रभर फोन बंद. रात्री कळा आल्या असत्या तर? सासूबाई चिमटे मोजता मोजता म्हणाल्या, "अरे, मी भिशीच्या ग्रुपवर पण टाकलाय तो." म्हणून हे लिहिलं. आधी त्या ग्रुपवर टाकतोय.