ड्रुकला खलनायक करू नका
तुमच्या क्रमशः कथेतल्या जादुई भूतानमध्ये नायक सर्वांत उंच शिखर सर करतो आणि आग ओकणाऱ्या ड्रॅगनला मारतो, हे मनाला फार लागलं. भूतानचा ड्रुक हा गडगडाटाचा ड्रॅगन. आभाळ गरजतं तो त्याचाच आवाज. झेंड्यावर बघा, पांढराशुभ्र आहे, नखांत रत्नं धरलीयत, देशाच्या समृद्धीची. काल इथे इंदूरला, रामबागेत, वळीव कोसळत होता, लाईट गेलेली. नातू गॅलरीच्या गजाला धरून ओरडला, "आजी, ड्रुक बोलतोय!" भीती नावाला नाही. आणि भूतानचं सर्वांत उंच शिखर, ७,५७० मीटरचं गांगखर पुएनसुम, अजून कुणीच सर केलेलं नाही. पर्वतदेवतांच्या आदरापोटी १९९४ मध्येच भूतानमध्ये ६,००० मीटरच्या वरच्या शिखरांवर चढाई बंद झाली. पुढच्या भागात नायकाला पायथ्याशीच हात जोडू द्या ना.