‘स्लो ज्यूसरचा रस जिवंत, बाकीचा मेलेला’: त्या फॉरवर्डला उत्तर

महिन्याभरात हा मेसेज मला चार ग्रुपांवर आला. माहेरच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, कचराळी तलावावर सकाळी चालणाऱ्यांच्या ग्रुपवर, आणि शेवटी आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी खास मला एकटीला पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘तुम्ही लॅबवाल्या, तुम्हाला पटेल.’ मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये १९ वर्षं काढली, म्हणून हा मान. पटलं नाही, काका. आणि एवढं मोठं उत्तर ग्रुपवर टाकलं तर कोणी वाचणार नाही, म्हणून इथे लिहिते.

ज्यांना मेसेज आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: जोरात फिरणाऱ्या ज्यूसरमध्ये रस तापतो आणि त्यातली ‘जिवंत एन्झाइम्स’ (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) मरतात. हवा मिसळल्यामुळे व्हिटॅमिन्स नष्ट होतात. स्लो ज्यूसरचा, म्हणजे फळ सावकाश दाबून पिळणाऱ्या यंत्राचा, रस मात्र ७२ तास ताजा राहतो, त्यात फायबर पूर्ण असतं म्हणून मधुमेहींनाही चालतो, रस दुप्पट निघतो आणि वर्षात पैसे वसूल. शेवटी ‘रोज सकाळी दुधी, कारलं, पालक एकत्र घ्या’ असा सल्ला आणि हात जोडलेले दोन इमोजी.

आमच्या घरात दोन्ही यंत्रं आहेत. २००४ सालचा ज्यूसर-मिक्सर-ग्राइंडर अजून चालतो, आणि दोन वर्षांपूर्वी मुलाने हौसेने स्लो ज्यूसर आणला. त्यामुळे मी कोणाच्या बाजूने नाही. दोन्ही धुवायचं काम माझ्याकडेच असतं.

आधी उष्णतेचं बघू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. साध्या ज्यूसरमध्ये दाते असलेली चकती मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास किंवा त्याहून जोरात फिरते. फळ किसलं जातं आणि रस जाळीतून बाहेर फेकला जातो. स्लो ज्यूसरमध्ये जाड मळसूत्री दांडा मिनिटाला साधारण ४० ते ८० वेळा फिरतो आणि फळ जाळीवर दाबून पिळतो. वेग जास्त म्हणजे उष्णता जास्त, असं वाटणं साहजिक आहे. मिक्सरमध्ये चटणी वाटताना भांडं गरम लागतं हे आपण सगळ्यांनीच हात लावून पाहिलंय. पण चटणी त्या भांड्यातच पात्याखाली घुसळत राहते. ज्यूसरमध्ये रस क्षणभर थांबतो आणि तोटीतून बाहेर पडतो.

आता हिशेब मांडू. माझ्या जुन्या यंत्राची मोटर ५०० वॅटची आहे. अर्धा लिटर रस काढायला मिनिटभर चालवली तर ३०,००० ज्यूल वीज खर्च होते. अर्धा लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण २,१०० ज्यूल लागतात. म्हणजे सगळीच्या सगळी वीज रसात शिरली, मोटर जराही तापली नाही, आवाजही झाला नाही असं धरलं तरी रस १४ अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बहुतेक उष्णता मोटरमध्ये राहते आणि खालच्या पंख्याने बाहेर जाते. गाजरं फ्रिजमधली असतील तर रस ग्लासात येतो तेव्हा गारच लागतो. मे महिन्यात आमचं स्वयंपाकघर ३४ अंशांवर असतं. ओट्यावर ठेवलेलं गाजर ज्यूसरशिवायच तेवढं तापलेलं असतं, त्याच्या एन्झाइम्सची काळजी कोणी करत नाही.

आणि गंमत पुढे आहे. स्लो ज्यूसर २०० वॅटचा धरा. तेवढाच रस काढायला त्याला चार मिनिटं सहज लागतात. २०० गुणिले २४० सेकंद म्हणजे ४८,००० ज्यूल. मेसेजच्याच तर्काने चाललं तर स्लो ज्यूसरने रस जास्त तापायला हवा! तोही तापत नाही. फळांतली बहुतेक एन्झाइम्स निकामी व्हायला साधारण ६० अंशांच्या पुढचं तापमान लागतं, आणि तेही काही मिनिटं. तिथपर्यंत दोन्हीपैकी एकही यंत्र पोहोचत नाही.

पण समजा, पोहोचलं. मग काय बिघडलं? एन्झाइम म्हणजे प्रथिन. पोटात गेल्यावर जठरातलं आम्ल आणि पेप्सिन त्याचे तुकडे करतात, जसे डाळीतल्या प्रथिनांचे करतात. अन्न पचवायला लागणारी एन्झाइम्स आपलं शरीर स्वतः तयार करतं, गाजराकडून उसनी घेत नाही. उलट फळातली काही एन्झाइम्स आपल्या मुळावर येतात. चिरलेलं सफरचंद किंवा वांगं काळं पडतं ते एका एन्झाइममुळेच. काकडीत आणि गाजरात एक असतं, ते थेट क जीवनसत्त्वच खातं. हिवाळ्यात मटार सोलून फ्रीजरमध्ये भरण्याआधी आपण ते उकळत्या पाण्यातून काढतो, कशासाठी? एन्झाइम्स मारण्यासाठी. नाहीतर रंग आणि चव दोन्ही जातात. ज्या घरात हा मेसेज फिरतोय त्याच घरात दरवर्षी किलोंनी एन्झाइम्स मारली जातात.

हवेच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, ते मान्य करते. जोरात फेकला गेलेला रस हवेत घुसळतो. वर बोटभर फेस येतो, थोड्या वेळाने पाणी खाली आणि गर वर असा फाटल्यासारखा दिसतो. सफरचंदाचा रस तर बघता बघता तपकिरी होतो. स्लो ज्यूसरचा रस एकसंध राहतो, रंगही जास्त वेळ टिकतो, आणि प्यायला तो जास्त चांगला लागतो, याबद्दल माझा वाद नाही. पण ‘व्हिटॅमिन्स नष्ट’ ही फार लांबची उडी झाली. हवेने क जीवनसत्त्व हळूहळू कमी होतं, दोन्ही रसांत. काढला की प्यायलात तर बरंचसं तुमच्या पोटातच जातं. सफरचंदासोबत अर्धं लिंबू पिळलंत तर काळं पडणंही लांबतं. आणि क जीवनसत्त्वाचीच चिंता असेल तर पेरू खा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम आणि बाईला ६५ मिलिग्रॅम पुरतं. १०० ग्रॅम पेरूत २०० च्या वर असतं. अर्ध्या पेरूत काम झालं, आणि धुवायला फक्त सुरी.

७२ तासांचा दावा वाचून मात्र मी चिडले. बाटलीबंद ‘कोल्ड प्रेस’ (म्हणजे असाच दाबून काढलेला) रस बरेच दिवस टिकतो हे खरंय, पण त्यातले बरेच ब्रँड बाटली बंद केल्यावर तिला प्रचंड दाबाखाली ठेवतात, वातावरणाच्या दाबाच्या काही हजार पट. त्या दाबाने जंतू मरतात. आपल्या ओट्यावरचं यंत्र फळ पिळतं, जंतूंना हातही लावत नाही. गाजराच्या सालीवरची माती, पालकाच्या देठातला चिखल, कोथिंबिरीबरोबर आलेलं काय काय, सगळं रसात उतरतं. फळ-भाजी नीट धुवा, रस लगेच प्या, उरला तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. लहान मुलं, गरोदर बायका, वयस्कर माणसं यांच्या बाबतीत तर शिळा रस नकोच. मोसंबीवाल्यांना हे सांगायची गरज नाही. तासाभराने तो रस कडू होतो, स्लो ज्यूसरमधलाही. मोसंबीच्या पांढऱ्या पापुद्र्यात आणि बियांत एक पदार्थ असतो, पिळल्यानंतर त्याच्यापासून हळूहळू कडवट लिमोनिन तयार होतं. स्लो ज्यूसरमध्ये फोडी बियांसकट टाकल्या की हा कडवटपणा आपणच कमावतो.

फायबर ‘पूर्ण’ असतं म्हणे. मग मागच्या तोंडातून पडतो तो चोथा काय असतो? दोन्ही यंत्रांचं कामच रस आणि चोथा वेगळा करणं हे आहे. स्लो ज्यूसरचा रस थोडा दाट येतो, कारण बारीक गर जाळीतून जातो, बस. मधुमेहाचं तर उलटंच आहे. शुगर एकदम खाली गेली, हात थरथरायला लागले, की डॉक्टर काय द्यायला सांगतात? साखरपाणी, नाहीतर अर्धा ग्लास फळांचा रस. कारण तो झटकन चढतो. तोच रस नाश्त्याला ‘चालतो’ कसा? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेची मर्यादा सांगितली तेव्हा फळांच्या रसातली साखरही त्यात मोजली. अख्ख्या फळातली मोजली नाही. दिवसाला २,००० कॅलरी खाणाऱ्याला ही वरची मर्यादा ५० ग्रॅम पडते. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या २५० मिलिलिटर रसात २० ते २५ ग्रॅम जातात. यंत्र कुठलंही असो.

आता ‘दुप्पट रस’. पालक, पुदिना, गव्हांकुर असल्या पालेभाज्यांत स्लो ज्यूसर खरोखर पुढे आहे. साध्या ज्यूसरमध्ये पान चकतीवरून उडून तसंच चोथ्यात जाऊन पडतं, रस नावापुरता. गाजराचं मी स्वतः करून पाहिलं, अर्धा अर्धा किलो, एकाच पिशवीतलं. ग्लासात दोन बोटांचा फरक पडला. स्लो ज्यूसरचा चोथा मुठीत दाबला तर हात जेमतेम ओला झाला, जुन्या यंत्राच्या चोथ्यातून थेंब गळले. फरक आहे, दुप्पट नाही. उदार होऊन २० टक्के जास्त धरा. गाजर ५० रुपये किलो, रोज अर्धा किलो, म्हणजे दिवसाला पाच रुपये वाचले. दोन यंत्रांच्या किमतीत आठ हजारांचा फरक असेल तर तो भरून यायला १,६०० दिवस, चार वर्षांहून जास्त, तेही एक दिवस न चुकता. तेवढे दिवस कुठलंही ज्यूसर ओट्यावर टिकलेलं मी पाहिलं नाही. चौथ्या महिन्यात ते माळ्यावर इडलीपात्राशेजारी जाऊन बसतं. (ओला चोथा वाया जातो असंही समजू नका. थालीपिठात गाजराचा चोथा छान लागतो.)

दाबून पिळण्याची कल्पना आपल्याला नवीन नाही. रसवंतीचा घुंगरू लावलेला चरक हा स्लो ज्यूसरचा आजोबाच. त्या रसाला ‘जिवंत’ म्हणून कोणी जास्त पैसे मागितले नाहीत. आलं-लिंबू घालून दिला, एवढंच.

स्टीलच्या पात्याने व्हिटॅमिन मरतात असंही मेसेजमध्ये मध्येच एक वाक्य आहे. स्लो ज्यूसरची जाळीही स्टीलचीच असते. पुढे.

खरा धोका मेसेजच्या शेवटच्या ओळीत आहे आणि त्यावर कोणीच काही बोललं नाही. दुधी कधीकधी कडू निघतो. तो कडूपणा कुकरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर आयसीएमआरने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचं सांगणं सोपं होतं: रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्या, आणि दुधीचा रस दुसऱ्या कशात मिसळू नका. कारलं घातलं की कडू कशामुळे लागतंय हे कळायचा मार्गच बंद होतो. म्हणजे मेसेजमधलं मिश्रण नेमकं तेच आहे जे करू नये. कडू रस प्यायल्यावर मळमळ, उलटी, पोटात कळ असं काही झालं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. या विषावर उतारा नाही. आणि ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी रोजच्या कच्च्या पालकाच्या रसाबद्दल आधी डॉक्टरांना विचारा, त्यात मुतखड्याला हातभार लावणारं ऑक्झलेट भरपूर असतं.

हे सगळं मी काकांना जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘मग घेऊ कुठला?’ मी विचारलं, तुम्ही पिता काय? तर रोज एक मोसंबी, उन्हाळ्यात कलिंगड, आणि काकूंना कधीतरी बीट. मोसंबीला दोनतीनशे रुपयांचं हाताने दाबायचं यंत्र पुरतं, बी चिरडत नाही, कडू होत नाही. कलिंगड मिक्सरला दोनदा फिरवून गाळलं की झालं. बिटाची कोशिंबीर करा. पालेभाज्यांचा रस रोज काढणार असाल, किंवा सकाळी सहाला नातू झोपलेला असताना आवाज नको असेल, तर स्लो ज्यूसर घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. फक्त आल्याचे बारीक तुकडे करून घाला, नाहीतर धागे दांड्याला गुंडाळतात. आणि जाळी लगेच ब्रशने घासा. वाळली की तासभर भिजत घालावी लागते.

काका जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘अहो, पण मी ऑर्डर केलाय. गुरुवारी येतोय.’

आमच्या यंत्राचं तोटीखालचं छोटं रबर मी पहिल्याच आठवड्यात चोथ्याबरोबर कचऱ्यात टाकलं होतं, आणि नवीन मिळायला तीन आठवडे लागले. ते कुठे अडकून बसतं हे दाखवायला गुरुवारी संध्याकाळी खाली जाणार आहे.