शांताबाई वृत्तात बसत नाहीत

मराठीत एम. ए. केलं की नोकरी लागो न लागो, नात्यात लग्न निघालं की मंगलाष्टका हमखास गळ्यात पडतात. भाचीचं लग्न ऐन मे महिन्यात, सोलापुरात. चाटी गल्लीत बस्ता बांधून दाजी थेट माझ्याकडे आले. "पाहुणं, मंगलाष्टका लिहून झाल्यात. तेवढ्या वृत्तात बसवून द्या की."

वृत्त शार्दूलविक्रीडित. तीन-तीन अक्षरांचे गण म स ज स त त, शेवटी एकटा ग. चरणात 19 अक्षरं, 12व्यावर यती, म्हणजे थांबा. शेवटची सात 'कुर्यात् सदा मंगलम्' फुकटात भरून देतं, त्यामुळे दाजींना हे काम बस्त्याहून सोपं वाटलं असावं. उरलेल्या 12 अक्षरांत त्यांना दोन्हीकडची भावकी हवी होती.

कूलरसमोर बसून लघु-गुरू (ऱ्हस्व-दीर्घ अक्षरं) मांडायला घेतले. सिद्धेश्वर (आमच्याकडे घरटी एक असतोच) दुसऱ्या अक्षरापासून गुपचूप बसला. मल्लिकार्जुनकाका, 'काका' वगळून, सहाव्यापासून इतके चपखल बसले, की छंदशास्त्रकार पिंगलाचार्यांनी त्यांना विचारूनच गण पाडले असावेत. दाजींच्या वहीतलं आपणहून वृत्तात बसलेलं एकच होतं: 'सोलापुरी चादरी'. नेमकं 'कुर्यात् सदा मंगलम्'च्या जागी! त्याच्याशी यमक होतं 'मामा तुम्हां आदरी'. मामा म्हणजे मी.

दाजींनी जावयाला चंद्र केलं होतं. चंद्रच म्हटलं तर रूपक, जणू चंद्र म्हटलं तर उत्प्रेक्षा, असं मी समजावत होतो. तेवढ्यात भाचीनं मोबाइलवर फोटो दाखवला. अतिशयोक्तीवर सगळ्यांचं एकमत झालं.

अडल्या त्या शांताबाई, दाजींच्या आई. चारही अक्षरं गुरू. आणि या वृत्तात सलग चार गुरू कुठंच येत नाहीत.

"घरात सगळ्यांत मोठी ती, आन तिलाच जागा नाही?"

"ई ऱ्हस्व करू. कवींना तेवढी सूट असते."

"आईला ऱ्हस्व करायचं?" दाजींचा आवाज चढला.

शेवटी रात्री चरण जमला: 'शांताबाइ जुन्या घरात बसुनी देती तुम्हां आशिषा'. 'न्या' जोडाक्षर, मग 'जु' गुरू नाही का, अशी शंका दहावीतल्या भाच्यानं काढली. आघात येत नाही म्हणून लघुच, हे पटवायला तो शब्द त्याच्याकडून म्हणवून घेतला.

सकाळी आजींना वाचून दाखवलं. त्यांनी लघु मोजले नाहीत की गुरू.

"घरात बसुनी? म्हंजे लग्नाला मला न्यायचं नाही म्हणा की!"

आता मधली आठ अक्षरं बदलायची आहेत. ल ग ल ग ल ल ल ग. पैठणी, व्याही, नातजावई, काहीही चालेल. बसलेलं कुणी नको.