पंधरा मिनिटांचे खेळणे आणि तासभराचे फिरणे: एक चुकीचे समीकरण

कुत्रा पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो: ‘खाऊ भरलेल्या खेळण्याशी १५ मिनिटे झटलेला कुत्रा तासभर फिरून आल्याइतकाच दमतो, म्हणून वेळ नसेल तेव्हा खेळणे द्या आणि निर्धास्त बाहेर पडा.’ ही खेळणी मला मनापासून मोलाची वाटतात, आणि म्हणूनच त्यांच्या नावावर खपणारे हे विधान मला घातक वाटते.

पहिला आक्षेप समीकरणावरच आहे. कप्पे सरकवून खाऊ शोधताना कुत्र्याचे नाक, पंजे आणि चिकाटी कामाला लागते, त्यानंतर तो शांत झोपतोही. पण हृदयाला, स्नायूंना आणि सांध्यांना चालण्याधावण्यातून जो व्यायाम मिळतो, तो जागेवर बसून मिळत नाही. शिवाय फिरताना तो नुसता चालत नसतो. खांबापाशी थांबून आपल्याआधी तिथून कोण गेले, हे तो हुंगून जाणून घेतो आणि पुढे कोणत्या वासामागे जायचे, हेही बऱ्याच अंशी स्वतःच ठरवतो. खेळण्यातील वास मात्र आपणच भरलेला असतो. तो खाऊ दिवसाच्या आहारातून वजा केला नाही, तर फिरणे कमी आणि खाणे जास्त, असा दुहेरी तोटा होतो.

दुसरे म्हणजे, खेळण्याची गोडी टिकेलच असे नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लॅब्राडोर कुत्र्यांना तेच खेळणे वारंवार दिले असता त्यांचा रस ओसरला आणि वेगळे खेळणे समोर येताच तो परतला. त्यामुळे खेळणी आलटूनपालटून द्यावीत.

‘निर्धास्त बाहेर पडा’ हा भाग मला सर्वांत अस्वस्थ करतो. रबराचा तुकडा गिळला गेला, तर आतडे तुंबू शकते. एकच भोक असलेल्या पोकळ खेळण्यात हवा खेचली जाऊन जीभ अडकू शकते. म्हणून कोणतेही नवे खेळणे आधी आपल्या देखत द्यावे. एकटेपणाने घाबरणारा कुत्रा तर बहुधा खाऊला तोंडही लावत नाही. मालक परतल्यावर तो अधाशासारखा खाऊ लागतो, तेव्हा त्याला खेळणे आवडत नव्हते असे नसून तोवर तो भेदरलेला होता, हे ओळखायला हवे. अशा कुत्र्याला एकटे राहण्याची सवय हळूहळू लावावी लागते.

‘जितके कठीण, तितके टिकाऊ’ असेही याच सल्ल्याला जोडून सांगितले जाते. अतिकठीण वस्तू चावताना वरची मोठी दाढ तुटू शकते. नख दाबल्यावर जराही खूण उमटत नसेल, तर ते खेळणे चावायला देऊ नये.

शस्त्रक्रियेनंतर पशुवैद्यांनी फिरणे बंद ठेवायला सांगितले असेल, तेव्हा मात्र त्यांच्या सल्ल्याने दिलेले असे खेळणे काही आठवड्यांपुरती फिरण्याची उणीव थोडीफार खरोखरच भरून काढते.