गंज थांबवा, अक्षरं भरू नका : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया पोटतिडकीने लिहिलेली आहे, तेव्हा सविस्तर उत्तर देतो. तुमचा आक्षेप असा : जुन्या जाहिरातीच्या पाट्या 'आहेत तशा ठेवा' हा माझा सल्ला संग्राहकांच्या सोयीचा आहे. म्हापशाच्या बाजारातल्या तुमच्या दुकानावरची चहाची पाटी ही आजोबांच्या वेळची, घरची वस्तू. चवथीआधी घराला रंग देतात तसा तिलाही द्यावा. गॅरेजवाला लांबी (पुट्टी) भरून, स्प्रे मारून ती नव्यासारखी करून देतो म्हणतो, मग अडवता का?

पाटी ऑइलपेंटने रंगवलेली, पत्र्याची किंवा लाकडाची असती, तर मी तुमच्याच बाजूने बोललो असतो. पेंटरच्या हातच्या पाट्या पुन्हा पुन्हा रंगवण्यासाठीच असतात. तिथेही रंगाआधी एकदा बॅटरीचा उजेड बाजूने तिरपा टाकून बघावं. १९६१ पूर्वीच्या दुकानांवर वरच्या रंगाखाली पोर्तुगीज अक्षरांचा उठाव कधी कधी दिसतो, त्याचे फोटो काढून ठेवावेत.

पण निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं, हाताला काचेसारखा गारवा आणि टवका उडाला तिथे पांढऱ्याखाली काळसर थर, हे तुम्ही केलेलं वर्णन एनॅमलच्या पाटीचं आहे. हा रंग नव्हे, काच आहे. पोलादी पत्र्यावर काचेची भुकटी पसरून साधारण ८०० अंश सेल्सिअसला भट्टीत वितळवतात. आधी पत्र्याला धरून राहणारा खालचा थर, जो कोबाल्टच्या ऑक्साइडमुळे गडद दिसतो, मग पांढरा, मग स्टेन्सिलने एकेक रंग. दर थराला वेगळी भट्टी. म्हणून अशा पाटीवर बोट फिरवलं की अक्षराची कड किंचित उंच लागते.

या काचेला ऊन-पाऊस फारसं काही करत नाही. मरण येतं ते टवक्यातून. पत्रा उघडा पडला की गंज काचेखाली सरकतो, गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे कडेची काच उचलली जाते आणि टवका मोठा होतो. गोव्यात यात समुद्राच्या हवेतलं मीठ पडतं. गंजाच्या थरात मिठातलं क्लोराइड अडकलं की ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पाटी घरात आणली तरी गंज चालूच राहतो.

आता गॅरेजची पद्धत बघा. लांबी बसावी म्हणून तो कडा पॉलिश पेपरने घासणार. त्या कागदावरचे कण काचेहून कठीण, त्यामुळे टवक्याभोवतीची शाबूत चकाकीही कायमची जाते. शिवाय जुन्या रंगांत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं, ती धूळ नाकात जाते. ग्राइंडरचा तारेचा ब्रश लावला तर हादऱ्याने नवे टवके उडतात. गंजावर भरलेली पॉलिएस्टर लांबी थोडा ओलावा धरते, खाली मीठ तसंच, आणि पावसाळ्यात तो भाग फुगून सुटतो, सुटताना शेजारची काचही घेऊन जातो. वरचा स्प्रे गुळगुळीत काचेला नीट धरत नाही, तो पापुद्र्यासारखा निघतो. बाथरूम धुण्याचं ॲसिड तर जवळही आणू नका, त्याने काच मंद पडते.

पुन्हा भट्टीत घालून घेऊ, हेही तुम्ही सुचवलंय. गंजलेल्या पत्र्यातून भट्टीत वायू सुटतात आणि लेपाला फोड येतात, पातळ झालेला पत्रा वाकतो, जुने रंग बदलतात. हे टाळायचं तर सगळा लेप खरवडून नवा चढवावा लागेल, म्हणजे आजोबांची पाटी उरणारच नाही.

माझं म्हणणं 'हात लावू नका' असं नाही. गंज थांबवायलाच हवा, तोही लवकर. त्याआधी तो जिवंत आहे का ते बघा : पाटी आत आणून पांढऱ्या कागदावर महिनाभर ठेवा. नारिंगी भुकटी किंवा नवे कपचे पडले, दमट दिवसांत तपकिरी थेंब उमटले, तर गंज चालू आहे. गडद, घट्ट, न झडणारा डाग असेल तर घाई नाही.

धुण्यासाठी एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात अर्धा चमचा सौम्य लिक्विड साबण घ्या, कपड्यांची पावडर नको. कापसाच्या बोळ्याने टवक्याच्या कडेकडून बाहेरच्या बाजूला पुसा, म्हणजे उचललेली काच अडकून तुटत नाही. सुटा गंज बांबूच्या काडीने काढा. मग उघड्या पत्र्यावर डिस्टिल्ड पाण्याचे कापसाचे बोळे ठेवून बदलत राहा. निघालेल्या पाण्यात नायट्रिक ॲसिडचा एक थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले की पांढरट गढूळपणा येतो तो मिठाचा. तो येईनासा होईपर्यंत पुढे जायचं नाही. नंतर स्पिरिटने पुसून हेअर ड्रायरच्या कोमट हवेने सुकवा.

त्यावर गंज रोखणारं टॅनिक ॲसिड : १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात ५ ते १० ग्रॅम, थोडं स्पिरिट घालून. बारीक ब्रशने फक्त पत्र्यावर पातळ हात, एक दिवस सुकू देऊन दुसरा. गंज निळसर काळा होतो. काचेवर थेंब गेला तर लगेच पुसा, बारीक तड्यांत डाग बसतो. मीठ राहिलं असेल तर या काळ्यावर काही दिवसांत पुन्हा नारिंगी ठिपके येतात; तेव्हा परत बोळ्यांपासून सुरुवात.

शेवटी सील. घरात राहणाऱ्या पाटीला पॅरालॉइड बी-७२ हा पारदर्शक ॲक्रिलिक लेप, ॲसिटोनमध्ये १० ते १५ टक्के विरघळवून. तो ४० अंशांच्या आसपास मऊ पडतो, म्हणून उन्हातल्या पत्र्याला चालत नाही. तिथे त्याच जातीचा बी-४४, तो ६० अंशांपर्यंत टिकतो. आणि हे काम पावसाळ्यात करू नका. ॲसिटोन उडताना पत्रा थंड होतो, त्यावर दव धरतं आणि लेप दुधी होतो. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दुपारी उत्तम.

रंग भरण्याबद्दल तुमचं मन राखायचं तर एवढंच करा : खालच्या उजव्या कोपऱ्यातला तळहाताएवढा टवका नुसत्या निळ्या जमिनीत आहे, तिथे या सीलवर ॲक्रिलिकचा निळा, मूळपेक्षा जरा फिका, लावा. नको झाला तर ॲसिटोनने निघेल. तळाच्या ओळीतली गेलेली अक्षरं मात्र अंदाजाने लिहू नका. तिथेच बहुधा एजंटचं किंवा बनवणाऱ्याचं नाव असतं, आणि पाटी कुठून, कुणाकडून आली हे सांगणारी ती एकच जागा. चुकीचं अक्षर एकदा बसलं की पुढची माणसं तेच खरं धरतील.

दुकानावर चकचकीत पाटी हवी, ही तुमची इच्छा अगदी रास्त आहे. त्यासाठी जुनीचा समोरून नीट फोटो काढून पेंटरकडून त्याच मापाची नवी करून घ्या आणि ती बाहेर लावा. जुनी आत, गल्ल्यामागे. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत पावसात पाणी धरते, म्हणून मागे १० ते १२ मिलिमीटर मोकळी जागा सोडा. मूळ भोकांतच स्क्रू घाला, दोन्ही बाजूंना नायलॉनचे वॉशर ठेवून. पितळी स्क्रू थेट पत्र्याला टेकला की खाऱ्या हवेत भोकाभोवतीचं लोखंड आधी खाल्लं जातं. स्क्रू आवळायचा तो वॉशर हाताने फिरायचा थांबेपर्यंतच. पुढे आणखी अर्धा फेरा दिलात तर काच चांदणीसारखी तडकेल.