मेल हलवायचे म्हणजे...

घरात नवा कॉम्प्युटर आला की सगळे खूश आणि माझ्या कपाळाला आठ्या. काकांचे मेल हलवायचं काम माझ्याच गळ्यात! "फोटो आले ना पेन ड्राइव्हवर, तसेच मेल घे की." अहो, कसे घेऊ? अकाउंट पॉप नावाच्या पद्धतीवर. म्हणजे सर्व्हरवरून मेल उतरवले, तिकडचे पुसले, आणि आता सगळा ऐवज जुन्या हार्ड डिस्कवरच्या एका फायलीत. तीही लपवलेल्या फोल्डरमध्ये! लपवायचं कुणापासून, मालकापासून? फाइल सापडलीच तर नवा प्रोग्राम ती ओळखत नाही. एका प्रोग्रामची फाइल पीएसटी प्रकारची, दुसऱ्याची एमबॉक्स. पत्त्यांची वही वेगळीच काढायची. मग पासवर्ड. इतकी वर्षं तो जुन्या प्रोग्रामने लक्षात ठेवला, म्हणून काकांनी ठेवलाच नाही. बदलायला जावं तर ओटीपी बंद पडलेल्या नंबरवर. अरे, आयमॅप नावाची दुसरी पद्धत १९८६ पासून आहे! मेल सर्व्हरवरच राहतात, नव्या मशीनवर लॉगिन केलं की समोर. पण सेटिंग करून देणारा पठ्ठ्या पॉपचं ९९५ पोर्ट, म्हणजे सर्व्हरशी जोडणीचा नंबर, टाकून गेला. आयमॅपचं ९९३ टाकायला काय त्याच्या खिशातून जात होतं? आणि एवढं करून काका विचारणार, "ते विम्याचं पत्र कुठंय रे?"