मामा, कंट्रोलर कोणता घेऊ?

जळगाव-भुसावळच्या माणसाला उन्हातलं फार कळतं, असा मुंबईकडच्या नातेवाइकांचा पक्का समज आहे. मे महिन्यात फोन येतो, "आज किती?" आपण "पंचेचाळीस" म्हणतो, आणि पलीकडून असा हुंकार येतो की पारा जणू आपणच हाताने वर ढकललाय. त्यात साक्रीजवळ शिवाजीनगरला महाजनकोचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, हे कुणीतरी वाचलेलं असतं. झालं! मांडव्याला चार मित्रांत मिळून शिडाची बोट ठेवणारा भाचा थेट खानदेशात फोन लावतो, "मामा, बोटीवर सोलर टाकतोय. चार्ज कंट्रोलर कोणता घेऊ?" चार्ज कंट्रोलर म्हणजे पॅनलची वीज बॅटरीला बेताने भरवणारा डबा. हतनूर धरणापलीकडे पाण्याशी संबंध नसलेल्या माणसाला हा प्रश्न. "माहीत नाही" म्हणायची सोय नाही, मामा पडलो.

सुरुवातच आपल्या अभिमानाला सुरुंग लावणारी आहे. पॅनलला उजेड आवडतो, ऊन आवडत नाही. पॅनलच्या पाठीवर छापलेले आकडे सेलचं तापमान २५ अंश धरून काढलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर पापड वाळतात तेव्हा शेजारच्या पॅनलचा सेल ७० अंशांवर असतो. दर अंशाला व्होल्टेज साधारण ०.४ टक्क्याने उतरतं. ४५ अंश जास्त, म्हणजे १८ टक्के गेले. १०० वॅटच्या पॅनलचे १८ व्होल्ट १४.८ वर येतात. ज्या उन्हाचा आपण तोरा मिरवतो, ते पॅनलच्या दृष्टीने निव्वळ तापाचं दुखणं.

आता १८ व्होल्ट कुठून आले? दुकानदार तर ठामपणे सांगतो, "बारानं पॅनल शे भाऊ, बारानीच बॅटरी लावा." बारा व्होल्टच्या पॅनलमध्ये बाराचा आकडा कुठेच नसतो. काम करताना १८, काहीच न जोडता मोकळं सोडलं तर २२. बारा हे फक्त घराण्याचं नाव. या घराण्याची सोयरीक बारा व्होल्टच्या बॅटरीशी जमते, एवढाच त्याचा अर्थ. ती सोयरीक सांभाळणारा मध्यस्थ म्हणजे कंट्रोलर.

मध्यस्थ दोन जातींचे. पीडब्ल्यूएम हा साधा, स्वस्त. तो पॅनल सरळ बॅटरीला जोडतो आणि पॅनलचे १८ व्होल्ट ओढून बॅटरीच्या १३ वर आणतो. ५.५ अँपिअर गुणिले १३, म्हणजे ७२ वॅट. उरलेले २८ आपण दुकानात मोजले होते, एवढीच त्यांची आठवण. एमपीपीटी हा जास्तीचे व्होल्ट मोडून त्यांचे अँपिअर करून देतो; त्याच पॅनलमधून सातच्या आसपास अँपिअर निघतात. म्हणून सगळे म्हणतात एमपीपीटी घ्या. घ्याच. पण पॅनल तापून १४.८ वर आलं आणि बॅटरीला १४.४ हवेत, तर मोडायला सुटे पैसेच उरले नाहीत. शिवाय बऱ्याच एमपीपीटींना सकाळी जागं व्हायलाच बॅटरीपेक्षा पाच व्होल्ट जास्त लागतात. तेव्हा महागडा एमपीपीटी आणून त्याच्यावर एकेकटी बारावाली पॅनल लावणं म्हणजे उसाच्या चरकात ज्वारीचा कडबा घालणं. दोन-दोन पॅनल सीरिजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडायची. दोघांचे व्होल्ट एकत्र होतात, मग तापातसुद्धा ३० उरतात.

भाच्याचा हिशोब तसा सोपा निघाला. बोटीवरचा फ्रिज पाच अँपिअरचा, निम्मा वेळ चालतो : दिवसाला ६० अँपिअर-तास. दिवे, जीपीएस, वायरलेस, नांगर टाकल्यावर रात्रभर जळणारा दिवा, पोरांचे मोबाइल धरून आणखी ४०. एकूण १००. त्याला ४०० वॅट पुरतात, म्हणजे शंभरची चार पॅनल. ४०० भागिले १२ म्हणजे ३३ अँपिअर. "मग चाळीसचा एकच घेतो," भाचा म्हणाला. थांब बाळा.

डब्यावर १००/२० असं काहीतरी लिहिलेलं असतं. सगळे मागचा आकडा बघतात, मारतो पुढचा. मागचा अँपिअर, पुढचा व्होल्ट. अँपिअर जास्त झाले तर एमपीपीटी हात आखडता घेतो. व्होल्ट जास्त झाले तर तो जीव सोडतो, आणि अशा मरणाला वॉरंटी बहुधा लागत नाही. तेही उन्हाळ्यात नाही, थंडीत. धुळ्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा पाच-सहावर जातो. घरगुती मोठं पॅनल मोकळ्यात ४९.५ व्होल्टचं, दोन सीरिजमध्ये म्हणजे ९९. कागदावर शंभराच्या आत, मालक खूश. पण थंडीत व्होल्टेज चढतं. २५ चे ५ अंश झाले की ९९ चे १०५ होतात. सूर्य डोंगराआडून डोकावतो, मालक शेकोटीपाशी चहा पीत असतो आणि मळ्यातला कंट्रोलर गार. समुद्रावर एवढी थंडी नाही, आणि भाच्याची बारावाली दोन पॅनल मिळून ४४ व्होल्टच होतात. तिथे धोका वेगळाच आहे.

सावली! शेतात फार तर विजेच्या तारेची सावली पडते. शिडाच्या बोटीवर मधोमध डोलकाठी, तिला आडवी बूम, म्हणजे शिडाचा खालचा दांडा, चारी बाजूंनी ताणलेले दोर, आणि नांगरावर बोट वाऱ्यासरशी फिरत असते, त्यामुळे सावलीही गावभर हिंडते. ३६ सेलच्या पॅनलमध्ये बहुधा दोन बायपास डायोड, म्हणजे सावलीतल्या सेलना वगळून वीज पुढे नेणाऱ्या पळवाटा, असतात. एका सेलवर हाताएवढी सावली पडली तरी अठरा सेल रुसतात, अर्धं पॅनल गेलं. चारही पॅनल एकाच कंट्रोलरवर असली की सावलीतल्यांचा आणि उन्हातल्यांचा सौदा वेगळा, आणि बोलणारा मध्यस्थ एकच. कुणाचं तरी नुकसान ठरलेलं. म्हणून डाव्या बाजूची दोन एका कंट्रोलरवर, उजवीकडची दोन दुसऱ्यावर. २०० भागिले १२ म्हणजे १७ अँपिअर. १००/२० चे दोन घ्यायचे. दोघांच्या वायरी एकाच बॅटरीला गेल्या तरी भांडत नाहीत, आणि एक बंद पडला तरी फ्रिज निम्मा तरी चालतो. सेटिंग मात्र दोन्हीकडे सारखी ठेवायची.

खरेदीला जाताना एक लक्षात ठेवायचं. बामणोदचं भरताचं वांगं हलकं बघून घ्यायचं, कंट्रोलर जड बघून. खऱ्या एमपीपीटीच्या पोटात तांब्याची चांगली जाडजूड कॉइल असते. बाजारात एमपीपीटीचं स्टिकर लावलेले पीडब्ल्यूएम ढिगाने मिळतात. ओळखायची खूण : अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर, भर उन्हात चार्जिंग चालू असताना मीटरने पॅनलच्या टोकांवरचं व्होल्टेज मोजा. ते बॅटरीइतकंच दाखवत असेल तर स्टिकरचे पैसे गेले.

वायर हा मुद्दा मामांनी कितीही ओरडून सांगितला तरी भाचे ऐकत नाहीत. घरातून उरलेली अडीच चौरस मिलिमीटरची वायर पाच मीटर लांब टाकली, तर जाऊन-येऊन दहा मीटर. १७ अँपिअरला त्यात जवळपास १.२ व्होल्ट खर्ची पडतात. कंट्रोलर आपल्या टोकावर १४.४ बघून "झालं पोट भरून" म्हणतो आणि बॅटरी बिचारी १३.२ वर उपाशी. सहाची वायर घ्यायची, बॅटरीपासून दीड मीटरच्या आत कंट्रोलर लावायचा, नुकसान ०.१५ वर येतं. समुद्रावर तांब्याच्या तारेला कथिलाचा मुलामा असलेलीच घ्यायची, नाहीतर खारी हवा इन्सुलेशनच्या आत शिरून तार काळी पाडते. बॅटरीच्या टोकापासून वीतभरात २५ अँपिअरचा फ्यूज. कंट्रोलर उभा बसवायचा, वर-खाली चार बोटं हवा. इंजिनच्या खोलीत नाही, कारण बहुतेक कंट्रोलर ४० अंशांनंतर आऊटपुट कमी करतात. आणि ॲसिडच्या बॅटरीच्या डोक्यावर तर मुळीच नाही.

बॅटरी ॲसिडची असेल तर तापमानाचा सेन्सर लावा : २५ अंशांच्या वर दर अंशाला १८ मिलिव्होल्ट कमी, म्हणजे ४५ अंशांत १४.४ चे १४.०४. खानदेशात हा सेन्सर नसला की बॅटरी खिचडीसारखी रटरटते. लिथियम असेल तर हेच उलट : तापमानाची भरपाई बंद, इक्वलायझेशन (मुद्दाम जादा व्होल्टेजचं चार्जिंग) बंद, १४.२ ते १४.४ पर्यंत चार्ज, फ्लोट, म्हणजे पोट भरल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज, १३.५.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. सोडवताना आधी पॅनल, मग बॅटरी. बॅटरी बघूनच कंट्रोलर ठरवतो की घर बाराचं आहे की चोवीसचं. पॅनलवर काम संपेपर्यंत जाड गोधडी टाकून ठेवायची. भर उन्हात पॅनलच्या वायरींचा चालू एमसी-फोर कनेक्टर खेचला तर ठिणगी उडते.

हे सगळं भाच्याने वहीत उतरवून घेतलं. आठवड्याने फोटो आला. दोन कंट्रोलर, उभे, ओळंब्यात. वायर सहाची, मुलाम्याची. सेटिंग बरोबर. फ्यूजच्या जागी मात्र तांब्याची तार पिळून बसवलेली, आणि खाली लिहिलेलं : "मामा, पंचवीसचा फ्यूज इथे मिळाला नाही. तुमच्या मळ्यातल्या मोटरीला बघितलं होतं, तसंच केलंय."